हुंकाराची जागा

"मंग?" असं कुणीतरी म्हणालं आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. खोलीत मी आणि इरम दोघीच होतो, आणि इरम काही 'मंग' म्हणणारी नव्हे; नंदुरबारच्या जुन्या मुसलमान घरातली मुलगी, तिला पुढचं ऐकायचं असलं की ती 'फिर?' म्हणते. आवाज तिच्या टेबलावरच्या स्पीकरमधून आला होता. घशाच्या तळातून निघालेला, शेवटी किंचित वर चढणारा, आणि चढून तिथंच थांबणारा, जसं कुणी उंबऱ्यावर एक पाय ठेवून आत येऊ का विचारावं. तो माझ्या नवऱ्याचा आवाज होता. "आवाज जोरात लागला का ताई?" इरमनं विचारलं. मी म्हटलं, नाही ग, चहा पोळला. चहा केव्हाचा गार झाला होता हे तिला दिसत होतं, पण मुलगी सभ्य आहे. तिनं आवाज कमी केला आणि दानियल पुन्हा, आता लांबून, म्हणाला, "मंग?"

यात लपवलेलं काहीच नव्हतं, हे आधी सांगते. आमची संस्था डोंगरातल्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून त्यांचा लिखित साठा करते, आणि दानियल संस्थेची जीप चालवतो. काठी गावाच्या वर एका पाड्यात सुंदरबाई राहते. तिच्याकडे गोष्टींचा असा साठा आहे की एक गोष्ट सकाळी धरली तर दुपार उलटते. पण तिकडची रीत अशी की कुणीतरी हुंकार दिल्याशिवाय सांगणारा पुढचं वाक्य सांगत नाही. ओळ झाली, समोरच्यानं 'हूं' म्हटलं, की पुढची ओळ. तिचा हुंकार द्यायला तिचा दीर बसायचा. तो ऊसतोडीला गुजरातेत गेला, तेव्हा मशीन चालू, बाई तयार आणि समोर कुणी नाही, म्हणून ड्रायव्हरला बसवलं. दानियलनं घरी येऊन हे सगळं मला सांगितलंही होतं. "आज मी गोष्टीत बसलो," असं म्हणाला होता. मी भाकरी थापता थापता त्याला डेटाबेसचं काहीतरी सांगत होते, आणि माझंच पुढचं सांगत राहिले. मला वाटलं होतं, 'हूं' म्हणाला असेल. सगळेच म्हणतात. 'मंग?' म्हणाला असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

कारण 'मंग?' माझा होता. लग्नानंतर दानियल अंड्यांचा टेम्पो चालवायचा, नवापूरच्या पोल्ट्र्यांमधून अक्कलकुव्यापर्यंत, आणि मी केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसायचे, मांडीवर अंड्यांचा एक ट्रे, फुटू नये म्हणून. शाळा सुटलेली, पण डोक्यात वाचलेलं काहीबाही भरलेलं. टायपिंग क्लासच्या मालकाकडून आणलेलं कॉम्प्युटरचं फाटकं पुस्तक मी वाचायचे आणि कळलेलं न कळलेलं सगळं त्याला सांगायचे. वळण आलं की तो गिअर टाकायचा आणि म्हणायचा, "मंग?" गिअरचा तो खरखरीत आवाज आणि हा शब्द माझ्या कानात एकत्र शिवले गेलेत. आम्ही घरात कोकणी बोलतो, गोव्याकडची नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची, इथं मराठीत लिहिते, पण हा एक शब्द जसाच्या तसा ठेवते. त्या एका शब्दावर मी कॉम्प्युटर शिकले. दुसरं कुणी शिकवलंच नाही मला. त्याच्या वर चढणाऱ्या टोकाला लटकून मी पुढचं पान वाचायचे, कारण उद्या टेम्पोत कुणीतरी 'मंग?' विचारणार आहे. मग केव्हातरी तो विचारायचा बंद झाला. केव्हा, ते सांगता येत नाही. पंख्याचा आवाज बंद पडल्यावर जसं लगेच कळत नाही, नुसतं उकडायला लागतं, तसं.

आणि आता तोच शब्द, चढासकट, सुंदरबाईला. इरमनं पुढचा तुकडा लावला. बाईचा आवाज जाडसर, विडीनं भाजलेला. ती डोंगरातली भिली बोलते, दानियलला त्यातलं निम्मंही समजत नाही, आमची बोली वेगळी. म्हणजे ज्या बाईचं याला कळत नाही तिला 'मंग?', आणि जिचं कळतं तिच्यापुढं घोरणं. मी खिडकी उघडली. हिवाळ्यात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरच्या वाळत असतात, शहराच्या हवेलाच तिखट चढतं. डोळे पुसायला इथं कुणाला कारण द्यावं लागत नाही. या शहराचं मला तेवढं बरं वाटतं.

त्या आठवड्यात माझं जे काम चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. गोष्टी आमच्याकडे एक्सएमएलमध्ये साठवतात, म्हणजे मजकुराला खुणा लावून: इथं गोष्ट सुरू, इथं सांगणाऱ्याचे शब्द, इथं हुंकार, इथं गोष्ट संपली. आधी डेटाबेस अख्खी गोष्ट एकदम मागायचा. पूर्ण झाड मुळासकट उपटून मेमरीत उभं करायचा, मग आत घ्यायचा. सुंदरबाईच्या गोष्टीपुढं आमची मशीनं गुडघे टेकायची. म्हणून मी नवी मेथड, म्हणजे गोष्ट आत घ्यायची नवी रीत, लिहीत होते. हिच्यात झाड नाहीच. डेटाबेस तुम्हाला एक कान देतो. तुम्ही त्या कानात एकेक घटना सांगत जायचं. सुरू झालं. मजकूर आला. हुंकार आला. संपलं. कानानं ऐकायचं, आत टाकायचं, विसरायचं. मागचं धरून ठेवायचं नाही, पुढचं माहीत असायची गरज नाही. रचना माझी होती, एकटीची, आणि गुरुवारी ती सगळ्यांसमोर चालवून दाखवायची होती. पितांबरभाऊ, आमचे संस्थेचे प्रमुख, पसंत म्हणाले की ती इतर संस्थांना जाणार. एकदा बाहेर दिलेली मेथड परत घेता येत नाही, लोक तिच्यावर घरं बांधतात. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं काहीतरी असं बाहेर जाणार होतं की ज्यावर दुसरे घरं बांधतील.

संध्याकाळी घरी दानियल अंगणात जीपचं फिल्टर धूत बसला होता. मी दारातूनच म्हटलं, "सुंदरबाईचं समजतं का रे तुला?" तो म्हणाला, "नाही." "मग हुंकार कसला देतोस?" "समजत नाही म्हणून तर ऐकतो." मी म्हटलं, "आणि माझं?" त्यानं फिल्टर झटकलं. "तुझं काय?" "माझं समजतं म्हणून ऐकत नाहीस?" तो हसला, आणि माझा जीव जळाला, कारण ते हसणंही जुनं, टेम्पोतलं होतं. "तू कुठं ऐकू देतेस," म्हणाला आणि फिल्टर घेऊन नळाकडे गेला. मी त्याच्या मागे मागे जाऊन आणखी बरंच बोलले. नळ चालू होता. मत्सराची एक गंमत आहे, तो चोवीस तास कामावर असतो आणि त्याला पगार लागत नाही. त्या रात्री मी जेवायला वाढताना, भांडी घासताना एकेक घटना जोडत बसले: तो शर्ट बदलून डोंगरात जातो, मागच्या खेपेला मोहाची वाळलेली फुलं घेऊन आला, कुणी दिली विचारलं तर 'बाईनं' म्हणाला, विडी ओढत नाही पण खिशात विडीचा वास. बघा, कानाला मी विसरायला शिकवत होते आणि स्वतः अख्खं झाड मुळासकट डोक्यात उभं करत होते.

दुसऱ्या दिवशी इरमनं विचारलं, "ताई, हुंकार ठेवायचे की गाळायचे? वापरणाऱ्यानं काही विचारलं नाही तर मेथडनं काय करायचं?" प्रश्न अगदी साधा होता. अशा प्रश्नाला रचनेत फार वजन असतं, कारण न विचारणारेच जास्त असतात. मी म्हटलं, "गाळायचे." ती थांबली. "सगळे?" "गोष्ट बाईची आहे. हुंकार म्हणजे मधला खरखराट. कुणाला हवाच असेल तर मागून घेईल." मी हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला स्वतःला ते पटलं. तिनं मान हलवली, पण खुर्चीतून उठली नाही. "आणि एक ताई. तुमच्या या कानाला तोंड नाही." "म्हणजे?" "म्हणजे सांगणारा ओततोय ओततोय, आणि घेणारा भरला तरी 'जरा थांब' म्हणू शकत नाही. तोंडच दिलं नाही आपण त्याला." मी हसून म्हटलं, कानाला कशाला हवं तोंड. पण हसताना जाणवलं की इरमचं हे वाक्य काल अंगणात कुणीतरी वेगळ्या शब्दांत म्हटलं होतं, आणि ते मला आठवायचं नव्हतं. मी गाळणी लिहिली. चार ओळींचं काम. हुंकाराची घटना आली की कान ती सोडून देणार, जणू कुणी काही बोललंच नाही. दानियलचा तो सगळा 'मंग?' गाळणीच्या वरच राहणार होता, चहाच्या चोथ्यासारखा. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

गुरुवारी दानियल सुंदरबाईलाच जीपमधून घेऊन आला. पितांबरभाऊंची कल्पना: बाई समोर बसून सांगेल, धडगावचा करणसिंग, ज्याला तिची भाषा येते, ऐकत ऐकत मराठीत टाइप करेल, आणि गोष्ट सांगता सांगताच डेटाबेसमध्ये जाताना भिंतीवर दिसेल. मी जिना चढणाऱ्या पावलांकडे कान लावून बसले होते. काय काय कल्पलं होतं मी. आली ती माझ्याच वयाची बाई, माझ्याहून बुटकी, पायात चांदीचे जाड वाळे, समोरचा एक दात नाही, जिना चढून दमलेली. खुर्ची दिली तर भिंतीला टेकून खालीच बसली. माझ्याकडे बघून दानियलला काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसले. "काय म्हणाली?" मी विचारलं. "सगळं कळलं नाही," दानियल म्हणाला. करणसिंगनं सांगितलं, "म्हणतात, हीच का ती, जी फार बोलते?" म्हणजे हा तिथं बसून माझ्याविषयी बोलला होता. निम्म्या समजणाऱ्या भाषेत. माझ्या गालाला मिरची चोळल्यासारखं झालं. मला तिचा राग यायला हवा होता, पण तिनं दमलेल्या पायावरून हात फिरवला तेव्हा वाळ्याखालची घासून काळी पडलेली कातडी दिसली आणि मी तिला पाणी आणून दिलं. राग पाण्याबरोबरच राहिला, गेला नाही.

"चाला ताई, चालू करा," पितांबरभाऊ म्हणाले. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं की जीप मिरचीच्या ट्रकला आडवी आलीय, आणि दानियल पळाला. सुंदरबाईनं डोळे मिटले आणि पहिली ओळ सांगितली. करणसिंगनं टाइप केली, भिंतीवर उमटली. एक बाई होती, तिनं आपला आवाज दुधीच्या तुंब्यात बांधून ठेवला होता. आणि सुंदरबाई थांबली. आम्ही वाट पाहिली. तिनं डोळे उघडले. इरम माझ्याकडे बघू लागली, मी पितांबरभाऊंकडे. "काय व्हयनं? मशीन बंद पडनं का?" पितांबरभाऊ. करणसिंग म्हणाला, "मशीन नाही. हुंकार." "मंग तू दे ना रे भाऊ!" "मी टाइप करू की हुंकार देऊ? दोन्हीत चुकेल." पितांबरभाऊंनी घसा साफ करून 'हूं' म्हटलं, ते इतकं ऑफिसातलं होतं की सुंदरबाईनं त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. खोलीत सगळे होते, आणि ती माझ्याकडेच बघत राहिली. तिच्या नजरेत आव्हान बिव्हान काही नव्हतं. ती फक्त थांबली होती. मी इतकं चांगलं थांबताना कुणाला पाहिलेलं नाही. माझ्या तोंडात 'हूं' आलं, आणि बाहेर पडताना ते 'मंग?' होऊन पडलं.

ती पुढे बोलली. मी पुन्हा म्हटलं. ती बोलली. भाषा मला कळत नव्हती, भिंतीवर उमटतंय ते करणसिंगचं टाइप केलेलं वाचायलाही मान वळवता येत नव्हती, कारण मान वळवली तर तिची ओळ अडली असती. मी तिच्या तोंडाकडे, त्या गेलेल्या दाताच्या फटीकडे बघत होते. ओळ संपायच्या आधी तिचा आवाज खाली बसतो आणि एक रिकामी जागा तयार होते, तळहाताएवढी. तिथं मी माझा शब्द ठेवायचा. तिनं तो घ्यायचा, बघायचा, आणि मग पुढचं द्यायचं. आपण ऐकतोय हे ऐकवावं लागतं, आणि त्यासाठी समोरच्यानं आधी जागा सोडावी लागते. दानियल डोंगरात बसून हे करत होता तर. त्याला समजत नव्हतं ते खरं असणार. पण त्याच्यासाठी दर ओळीला जागा सुटत होती. मला त्याचाही हेवा वाटला. तिचा की त्याचा, दोघांचाही, सरमिसळ. मत्सराला आपण कुणाच्या बाजूनं जळतोय हेही कधीकधी कळत नाही.

"ताई," इरम हळूच म्हणाली, "भिंत बघा." मी वळले. भिंतीवर ओळी नव्हत्या. एकच लांबलचक गुंता होता, शब्दाला शब्द चिकटलेला, एका ओळीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीत घुसलेला. करणसिंग टाइप करत होता तरी माझा एकही 'मंग?' तिथं नव्हता. माझ्याच गाळणीनं मला गाळून टाकलं होतं, आणि जाताना ओळींमधलं अंतरही घेऊन गेली होती. करणसिंग चक्रावून म्हणाला, "मी ओळ संपल्याची वेगळी खूण कधीच लावत नाही. हुंकार आला की ओळ संपली, आमच्यात असंच असतं." हे मला माहीत होतं. त्याच्या फायली वर्षानुवर्षं मीच तर उघडत आले होते. दुसऱ्या कुणी गाळणी लिहिली असती तर मीच पहिली ओरडले असते. "बाईचा श्वासच गेला," इरम म्हणाली. सुंदरबाईला वाचता येत नाही; ती भिंतीकडे बघून करणसिंगला काहीतरी म्हणाली. "विचारतात, मी इतकी घाईत बोलते का?" पितांबरभाऊ माझ्याकडे वळले. "ताई, हाई असं बाहेर द्यानं का आपन?"

नाही, मी म्हटलं. असं नाही द्यायचं. तिथंच बसून गाळणी काढली. आणि इरमला शेजारी ओढून म्हटलं, कानाला तोंड कसं द्यायचं ते दाखव. दुपारभर बसलो दोघी. आता रचना अशी झाली की सांगणाऱ्यानं एक घटना द्यायची आणि थांबायचं. कान ती आत ठेवून 'हूं' म्हणेल तेव्हाच पुढची. मागितल्याशिवाय पाठवायचं नाही. मेथडवर दोन नावं आली, माझं आणि तिचं. मला एकटीचं हवं होतं, हेही सांगून टाकते. इरमचं नाव टाइप करताना बोट जरा जड झालं, पण झालं टाइप. पितांबरभाऊ म्हणाले, "आते बरं शे." सुंदरबाई केव्हाच तिच्या भाचीकडे मुक्कामाला गेली होती. जाताना तिनं माझ्या हनुवटीला हात लावला. तो हात मला आवडला नाही, आणि अजून तिथं आहे.

घरी जाताना जीपमध्ये आम्ही दोघंच. खांडबारा मागे पडलं, ऊन तुरीच्या शेतांवर तिरपं झालं होतं. दानियलला ट्रकवाल्याशी भांडण्यात सगळंच हुकलं होतं, त्याला काही माहीत नव्हतं. माझ्या तोंडात अख्खा दिवस भरला होता, आणि तो एका दमात त्याच्या अंगावर ओतायची मला सवय. मी म्हटलं, "आज सुंदरबाई मधेच थांबली." आणि मी थांबले. फार अवघड गेलं. जीभ दातांमागे धरून ठेवावी लागली, पुढचं वाक्य ओठाशी येऊन ढुशा मारत होतं. दानियल रस्त्याकडे बघत होता. एक बैलगाडी मागे पडली. पुढं दुधाचा टँकर. मला वाटलं संपलं, याच्याकडे आता माझ्यासाठी काही उरलेलंच नाही, सगळं वर पाड्यात खर्चून येतो. मी खिडकीकडे तोंड वळवलं, पण बोलले नाही. टँकर वळला. दानियलनं माझ्याकडे एकदा पाहिलं, हिला काय झालं असं. मग गिअर टाकला.

"मंग?"

चढ तोच होता. पण हा टेम्पोतला होता की डोंगरातला, माझा जुना परत आला होता की सुंदरबाईकडे घासून घासून नवा झालेला मला मिळाला होता, हे मी कान देऊन ऐकलं तरी कळलं नाही. बहुतेक तिचाच असावा. मला पुन्हा जळायला झालं, छातीत, अगदी नीट. आणि त्या जळण्यासकट मी पुढची ओळ सांगितली, एकच, आणि थांबले.